मागच्या खोलीतली शार्लट : जेन ऑस्टिनच्या जगात फॅनफिक्शन कसं लिहावं

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या जेन ऑस्टिनच्या कादंबरीत श्रीमंत नायक डार्सी आणि नायिका एलिझाबेथ बेनेट यांचा पन्नास मैलांवरून एक छोटा वाद होतो. जागा हन्सफर्ड, केंट परगणा, पाळकाचं घर. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट पाळक कॉलिन्सची बायको होऊन इथे आली आहे. तिला माहेर किती जवळ पडतं, असं डार्सी म्हणतो. जवळ कसलं, पन्नास मैल आहेत, असं एलिझाबेथ म्हणते. त्यावर त्याचं उत्तर असं की चांगला रस्ता असेल तर पन्नास मैल म्हणजे अर्ध्या दिवसाहून थोडा जास्त प्रवास. आणि मग ती त्याला जे सांगते, त्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडते : ज्याला प्रवासखर्चाची फिकीर नाही त्याला अंतर जाणवत नाही, कॉलिन्स नवराबायकोला वरचेवर जाणं-येणं परवडणारं नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी आगारात सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीशी येणारं माणूस किती किलोमीटर हे कधीच विचारत नाही. पुढची गाडी किती वाजता, मुक्कामी गाडी गेली का, तिकीट किती, हे विचारतं. म्हणून एलिझाबेथचं बोलणं मला पहिल्याच वाचनात कळलं. गेली बारा वर्षं मी ऑस्टिनच्या पात्रांवर फॅनफिक्शन, म्हणजे मूळ पुस्तकातली पात्रं घेऊन रचलेल्या नव्या कथा, लिहिते आहे, आधी इंग्रजीत, आता भाचीच्या आग्रहाने मराठीत. मालिका किंवा सिनेमा पाहून ज्यांना ‘पुढे काय झालं असेल’ ही हुरहुर लागते, पण लिहायला बसल्यावर पान कोरं राहतं, त्यांच्यासाठी ही माझी पद्धत सांगते.

आधी भोक शोधा

सुरुवातीला सगळे एकच करतात : डार्सी आणि एलिझाबेथचं लग्नानंतरचं आयुष्य. मीही केलं. त्यात पात्रं नुसती सुखात बसून राहतात. कथा लिहायची तर कादंबरीने जिथे दार लोटून घेतलं आहे, अशी जागा हवी.

‘पुढे काय झालं’ हा खेळ खुद्द जेन ऑस्टिन घरात खेळायची. १८७० साली तिच्या भाच्याने तिच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात हे आहे. विचारलं की ती सांगायची : एलिझाबेथची बहीण किटी, तिचं लग्न पुढे डार्सीच्या पेम्बर्लीजवळच्या एका पाळकाशी झालं, आणि दुसरी बहीण मेरी, तिला मावशीच्या नवऱ्याच्या, फिलिप्सच्या, कचेरीतल्या एका कारकुनावर समाधान मानावं लागलं. १८१३ च्या मे महिन्यात ती लंडनमध्ये चित्रांच्या प्रदर्शनात गेली आणि तिथे आपल्या पात्रांसारखे चेहरे शोधत फिरली. मिसेस बिंग्ली, म्हणजे एलिझाबेथची थोरली बहीण जेन, सापडली, पांढऱ्या पोशाखात, हिरव्या अलंकारांसह. मिसेस डार्सी, म्हणजे एलिझाबेथ, काही सापडली नाही. ती पिवळ्यात असेल, असं तिने बहिणीला लिहिलं. कादंबरी जानेवारीत छापून झाली होती, तरी लेखिकेच्या मनात माणसं चालत-बोलत होती. तेव्हा फॅनफिक्शन लिहिणं म्हणजे मूळ लेखिकेचा अवमान, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

मी निवडलेलं भोक सांगते, कारण पुढचं सगळं त्याच उदाहरणावर समजावणार आहे. कादंबरीच्या शेवटाकडे डार्सीची मावशी लेडी कॅथरीन अचानक लाँगबोर्नला, बेनेटांच्या घरी, येऊन थडकते आणि डार्सीशी लग्न करणार नाही असं वचन दे म्हणून एलिझाबेथला धमकावते. तिला कुणकुण कुठून लागली? एलिझाबेथचा तर्क असा की ल्युकसांकडून, म्हणजे शार्लटच्या माहेराहून, बातमी हन्सफर्डला कॉलिन्सांकडे गेली आणि तिथून रोझिंग्जला, लेडी कॅथरीनच्या वाड्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलिन्सचं पत्र मिस्टर बेनेटच्या हातात पडतं. त्यात लिहिलंय की काल रात्री आम्ही लेडी कॅथरीनकडे या लग्नाचा विषय काढला आणि त्या बिथरल्या. त्याच पत्राच्या शेवटी शार्लटला दिवस गेल्याची बातमी आहे. म्हणजे त्या रात्री हन्सफर्डच्या घरात एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची गर्भार बाई जागी आहे. तिचा नवरा जिवाभावाच्या मैत्रिणीविरुद्ध बोलून आला आहे. ती काय करते, ते पुस्तक सांगत नाही. हे भोक.

तीन पानांची वही

लिहिण्याआधी मी एका वहीत तीन पानं भरते : तारखा, अंतरं, पैसे. हे टाळलंत तर कथा पहिल्याच प्रसंगात फसेल, अगदी गोड संवाद लिहिलेत तरी.

तारखांसाठी कादंबरीतच खुणा पेरलेल्या असतात. पेम्बर्लीजवळच्या लॅम्टनला डार्सीचा मित्र बिंग्ली एलिझाबेथला भेटतो तेव्हा म्हणतो, आपण २६ नोव्हेंबरनंतर भेटलो नाही, आठ महिने होऊन गेले. नेदरफील्डच्या, म्हणजे आपल्याच घरच्या, नाचाची नेमकी तारीख त्याने लक्षात ठेवली आहे, आणि जेनवर त्याचा जीव अजून आहे हे एलिझाबेथला त्यावरून कळतं. तुमच्या कथेतली तारीख अशीच कुणाच्या तरी मनातून यायला हवी.

अंतरांच्या पानावर गाड्या आणि घोडेही येतात. घोडे शेताच्या कामात आहेत म्हणून जेनला नेदरफील्डला गाडीतून नाही, घोड्यावरून जावं लागतं. वाटेत पाऊस, मग ताप, मग एलिझाबेथ तीन मैल चिखल तुडवत जाते. अख्खं कथानक त्या शेतातल्या घोड्यांवर उभं आहे. लांबच्या प्रवासात भाड्याची गाडी घ्यायची आणि टप्प्याटप्प्यावर घोडे बदलायचे. एलिझाबेथ हन्सफर्डहून निघते तेव्हा लेडी कॅथरीन विचारते, घोडे कुठे बदलणार, ब्रॉमलीला ना? तिथल्या ‘बेल’ खानावळीत माझं नाव सांगा. दोन तरुण मुलींनी नोकराशिवाय असा प्रवास करावा हेही तिला पसंत नाही. ‘नॉर्थँगर ॲबी’त कॅथरीन मॉर्लंडला घराबाहेर काढतात, तेव्हा ती सत्तर मैल एकटी, सुमारे अकरा तास, उसन्या पैशांवर प्रवास करते. एकटीने प्रवास ही त्या जगात किती मोठी गोष्ट आहे, ते यावरून ओळखा.

पैशांचं पान सगळ्यात उपयोगाचं. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड, मिस्टर बेनेटचं २,०००, आणि ते त्याच्या मागे मुलींना नाही. कॉलिन्स आधी एलिझाबेथलाच मागणी घालतो, आणि तिच्या वाट्याला काय येईल ते तेव्हाच ऐकवतो : १,००० पौंड, चार टक्क्यांनी, तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला ४० पौंड. हा आकडा वहीत लिहा आणि मग एलिझाबेथचा नकार पुन्हा वाचा. तिने काय सोडलं आणि शार्लटने काय धरलं, दोन्ही एकदम दिसेल.

माझ्या कथेचा पहिला खर्डा या वहीशिवाय लिहिला होता. त्यात शार्लट मध्यरात्री गाडी जुंपायला लावते आणि एलिझाबेथला सावध करायला निघते. वाचायला छान होतं. पण गर्भार बाई, रात्रीची वेळ, नवऱ्याची परवानगी नाही, पन्नास मैल, आणि लांबच्या वाटेला भाड्याची गाडी. सगळं खोटं होतं. मी तो खर्डा फाडला. मग वेळापत्रक मांडलं. रात्री रोझिंग्जला स्फोट. सकाळी कॉलिन्स पत्र लिहितो. लेडी कॅथरीन टप्प्याचे घोडे लावून चार घोड्यांच्या गाडीतून निघते आणि लाँगबोर्नला पोचतेही. पत्र येतं दुसऱ्या दिवशी. बाईने टपालाला मागे टाकलं. म्हणजे शार्लटने काहीही केलं, कितीही लवकर लिहिलं, तरी तिचं पत्र उशिराच पोचणार. हे उमगलं त्या संध्याकाळी मी स्वयंपाक अर्धा टाकून लिहायला बसले. जे तिला करता येणार नव्हतं, तीच माझी कथा होती.

ऑस्टिनने आपल्या भाचीला, ॲनाला, १८१४ साली पत्रांतून लेखनाचे धडे दिले. ॲना कादंबरी लिहीत होती आणि आत्या ती तपासत होती. ती पत्रं मिळवून वाचाच. डॉलिशच्या लोकांच्या तोंडी लाइमची चर्चा नको, कारण लाइम तिथून चाळीस मैलांच्या आसपास आहे, असं आत्या सांगते. आदल्याच दिवशी हात मोडलेला माणूस तबेल्याकडे फिरायला जाताना दाखवला होता, ते वाक्य ती खोडते. पात्रांना आयर्लंडला जाऊ दे, पण तुला तिथले रीतिरिवाज ठाऊक नाहीत, तेव्हा तू त्यांच्याबरोबर जाऊ नकोस, हेही तिचंच. खेड्यातली तीन-चार कुटुंबं, एवढं लिहायला पुरे. फॅनफिक्शन लिहिणाऱ्याला याहून चांगला गुरू मिळायचा नाही. मी लंडनचे नाच लिहीत नाही, कारण मला ते माहीत नाहीत. मला पाळकाचं घर, कोंबड्या, बाग आणि नवऱ्याचा आवाज माहीत करून घेता आला, तेवढंच मी लिहिते.

पडद्यावरचं आणि पुस्तकातलं वेगळं ठेवा

आपण बहुतेक जण पडद्यावरून पुस्तकाकडे आलो. त्यात कमीपणा काही नाही, पण डोक्यात दोन्ही मिसळलेलं असतं. वहीचं एक पान उभं दुभागा. डावीकडे पुस्तक, उजवीकडे पडदा.

तळ्यातून ओला होऊन येणारा डार्सी १९९५ च्या बीबीसी मालिकेतला आहे. अँड्र्यू डेव्हिसने तो लिहिला. पुस्तकात डार्सी नुसता अचानक समोर येतो आणि दोघंही लाजेने लाल होतात. डार्सीने एलिझाबेथला पावसात घातलेली मागणी २००५ च्या जो राइटच्या सिनेमातली, स्टोरहेडच्या बागेतल्या देवळात. पुस्तकात ती मागणी घरात होते, एलिझाबेथचं डोकं दुखतंय, बाकी सगळे रोझिंग्जला चहाला गेलेत, आणि ते घर शार्लटचं आहे. १९४० च्या सिनेमात तर लेडी कॅथरीन मनातून एलिझाबेथच्या बाजूची निघते.

हे बदल पटकथाकारांनी उगाच केलेले नाहीत. ऑस्टिन पुरुषांना एकटं जवळजवळ दाखवत नाही. डार्सीच्या मनात काय चाललंय हे पुस्तकात पत्रातून कळतं, पडद्यावर ते अंगातून दाखवावं लागतं. म्हणून १९९५ च्या मालिकेत तलवारबाजी, म्हणून तळं. पटकथाकारही भोक शोधत होता. त्याचा शोध तुम्ही शिका, त्याचा प्रसंग मात्र उचलू नका. कायद्याचाही मुद्दा आहे : ऑस्टिनच्या कादंबऱ्या सर्वांच्या आहेत, मालिकेने घातलेला प्रसंग मालिकेच्या मालकांचा आहे.

शार्लटचंच पाहा. २००५ च्या सिनेमात ती एलिझाबेथला म्हणते की मी सत्तावीस वर्षांची आहे, आईबापांवर ओझं आहे, आणि मला भीती वाटते. डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग. पुस्तकातली शार्लट भीतीचं नाव काढत नाही. मी स्वप्नाळू नाही, मला फक्त एक सुखाचं घर हवं, एवढंच सांगते. मी बऱ्याच दिवसांच्या विचाराने पुस्तकातली घेतली. भीती सांगून टाकणाऱ्या बाईला मागच्या खोलीची गरज पडत नाही. ही खोली पुस्तकातच आहे : शार्लट बसायला घरातली चांगली, मोठी खोली सोडून मागची निवडते. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग कळतं की पुढची खोली निवडली असती तर कॉलिन्स सारखा तिथेच येऊन बसला असता. त्याची अभ्यासिका रस्त्याकडे आहे. एवढ्या एका तपशिलात एक अख्खा संसार आहे. पडद्यावर तो क्षणात निघून जातो. तुमच्याकडे पानं आहेत, तुम्ही तिथे थांबू शकता.

फॅनफिक्शनमध्ये रूढ झालेल्या, पण पुस्तकात नसलेल्या गोष्टींना ‘फॅनॉन’ म्हणतात. कर्नल फिट्झविल्यमचं नाव रिचर्ड हे फॅनॉन. ऑस्टिनने त्याचं पहिलं नाव दिलेलंच नाही. मिसेस बेनेटचंही नाही. वापरायला हरकत नाही, पण कुठून आलं ते माहीत असू द्या.

मराठीत लिहिताना

इथे आपल्याला काही गोष्टी इंग्रजी लेखकांपेक्षा जास्त मिळतात. इंग्रजीतला एक ‘कझिन’ मराठीत सुटा होतो. कर्नल फिट्झविल्यम डार्सीचा मामेभाऊ. लेडी कॅथरीन डार्सीच्या आईची बहीण, म्हणजे मावशी, आणि तिची मुलगी त्याची मावसबहीण. आता मराठी वाचकाला लेडी कॅथरीनचा हट्ट कसा लागेल बघा! आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी चालते, मावशीची ही बहीणच. तिथे मात्र त्यात कुणाला गैर वाटत नव्हतं. कथेत एखाद्या पात्राच्या तोंडी ते सहज येऊ द्या, नाहीतर वाचक भलतीकडेच अडकेल. कॉलिन्सला मी ‘भाऊबंद’ म्हणते. मिळकतीवर हक्क सांगत येणाऱ्या दूरच्या नातलगाला याहून नेमका शब्द नाही. गार्डिनर मामा-मामी, फिलिप्स मावशी, हे तर जणू आपल्यासाठीच लिहिलेलं आहे. फक्त एक जपा. बेनेटच्या मुली आईला ‘ममा’ म्हणतात, त्याचं देवनागरीत ‘मामा’ करू नका.

तू की तुम्ही, हे पहिल्या ओळीआधी ठरवा. मिसेस बेनेट नवऱ्याला नेहमी ‘मिस्टर बेनेट’ म्हणते. तिथे ‘अहो’ इतकं चपखल बसतं की मी मूळ संबोधन सोडून दिलं. तो तिला ‘तू’ म्हणेल असं अनेकांना वाटतं. मी त्याच्या तोंडी ‘तुम्ही’ घालते, कारण त्याची बोचणारी थट्टा नेहमी अदबीने येते. डार्सी आणि एलिझाबेथ शेवटपर्यंत तुम्हीवरच. ‘तू’ लग्नानंतर, दार बंद असताना, एकदाच. शार्लट मैत्रिणीला ‘एलायझा’ म्हणते, घरचे ‘लिझी’ म्हणतात. ही अदलाबदल केलीत तर जाणता वाचक लगेच ओळखतो. जेन थोरली म्हणून ती ‘मिस बेनेट’, बाकीच्या ‘मिस एलिझाबेथ’, ‘मिस मेरी’. सगळ्यात धाकटी लिडिया लग्न होऊन येते आणि जेवायला जाताना जेनला म्हणते, आता तुझी जागा माझी. सासुरवाशिणीचा मान कुठून कुठे सरकतो, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

कथा साताऱ्याला किंवा पुण्याला आणावी का, असं मला विचारतात. आणता येते. ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ने २००० साली ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ तमिळ घरात नेली आणि नीट नेली, कारण आजोबांच्या मृत्युपत्राने घर सुटणं हा कणा त्यांनी जपला. घर जाण्याची टांगती तलवार काढून टाकलीत तर उरतं ते फक्त प्रेमप्रकरण. तो कणा तुम्हाला इथल्या मातीत सापडला तरच आणा. मला अजून सापडलेला नाही, म्हणून माझी शार्लट केंटमध्येच आहे.

पत्रांचा नियमही लक्षात ठेवा. लग्न ठरलेलं नसताना तरुण-तरुणी एकमेकांना पत्र लिहीत नाहीत. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त मॅरिअन विलोबीला पत्र लिहिते त्यावरून तिची बहीण एलिनॉर धरून चालते की लग्न ठरलं असणार. डार्सी म्हणूनच पत्र टपालात न टाकता हातात देतो. बाई-बाईंच्या पत्राला बंधन नाही, पण टपालहशील तेव्हा घेणाऱ्याने भरायचं. शार्लटने वेगळं पत्र लिहिलं असतं तर बेनेटांच्या घरात एकाच वेळी हन्सफर्डची दोन पत्रं आली असती, दोन्हींचे पैसे मोजावे लागले असते, आणि घरभर बोभाटा झाला असता. मग तिने काय करावं? मी हा प्रश्न दोन आठवडे घेऊन बसले होते. भाचीने सोडवला. कादंबरीत शार्लटच्या बाळाची बातमी नवऱ्याच्या पत्रात शेवटी येते, ती तिथे आली कशी, असं तिने विचारलं.

वाचकांपुढे ठेवण्याआधी

एक माणूस असा शोधा ज्याने पुस्तक वाचलं आहे आणि जो तुम्हाला भीत नाही. याला ‘बीटा रीडर’ म्हणतात. माझी भाची दर वेळी तारखांचं पान मागून घेते. मग कथा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर टाका. तिथे भाषेच्या यादीत मराठी निवडता येते. कथा पुस्तकावरची की एखाद्या मालिकेवरची, पूर्ण की चालू, हे खरं लिहा. सारांश दोन ओळींचा ठेवा. एका बैठकीची कथा आधी पूर्ण करा, पंचवीस प्रकरणांचा संकल्प नंतर सोडा.

माझ्या कथेचा शेवटचा भाग इथे देते, म्हणजे वहीतलं काय कुठे गेलं ते दिसेल.

*सकाळी मिस्टर कॉलिन्स पत्र लिहीत बसले होते. तिसरा कागद चालू होता.*

*“अहो,” शार्लट दारातून म्हणाली, “बाळाचं कळवायचं राहिलंय. बाबांच्या घरी माहीत आहे, लाँगबोर्नला नाही.”*

*“या गंभीर पत्रात?”*

*“शेवटी घाला. एलायझाला आनंद होईल.”*

*एलायझा वडिलांच्या हातून पत्र घेईल, शेवटपर्यंत वाचेल, आणि शेवटी शार्लट असेल. त्याहून जास्त काही पाठवता येण्यासारखं नव्हतं. ती मागच्या खोलीत आली. या खिडकीतून रस्ता दिसत नसे. थोड्या वेळाने पुढच्या खोलीत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, मग पावलं, मग दार.*

*“शार्लट! लेडी कॅथरीनची गाडी! चार घोडे!”*

*“कोणत्या बाजूला गेली?” तिने विचारलं, आणि शिवण खाली ठेवलं.*